कोकीळ ओळखावा कसा?

कावळाही काळा आणि कोकीळही काळा, मग दोघांत फरक तो काय, असं एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितानं विचारलं आहे. उत्तरही त्यातच आहे: वसंत येऊ द्या, कोण कोणता ते आपोआप कळेल. शाळेत हे सुभाषित घोकलेल्या पिढ्यांना त्याचं तात्पर्य ठाऊक आहे. रूपावर जाऊ नये, गुणाची पारख वेळ आली की होते. तात्पर्य चोख आहे, पक्षिनिरीक्षण मात्र कच्चं. गावात-शहरात दिसणाऱ्या कावळ्याची मान राखाडी असते. अंगभर काळा असतो तो डोमकावळा. आणि कोकीळ ओळखायला चैत्राची वाट पाहावी लागत नाही. भर डिसेंबरात, तो मुका बसलेला असतानाही, त्याचे लालभडक डोळे, फिकट हिरवट चोच, लांब शेपटी आणि सडपातळ बांधा लपत नाही.

कोकीळ ऐकू येतो पण दिसत नाही, ही तक्रार मात्र खरी. तो दाट पानांत बसतो. उन्हाळ्यात भल्या पहाटे सुरू होणारी, एकेक पायरी चढत जाणारी ‘कुऊ-कुऊ’ ही नराची साद. मादी असं गात नाही. ‘किक्-किक्-किक्’ असं कर्कश ओरडत ती एका झाडावरून दुसऱ्यावर झपकन निघून जाते. ती काळी नसतेच. तपकिरी अंगावर पांढुरके ठिपके आणि शेपटीवर आडवे पट्टे. त्यामुळे अनेकांनी तिला पाहिलेलं असतं आणि ‘हा कुठला तरी वेगळाच पक्षी’ म्हणून सोडूनही दिलेलं असतं.

या पक्ष्याचं कुळ मोठं आहे. जगभरात त्याच्या सुमारे दीडशे जाती. त्यांतल्या साठेक जाती दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतात; उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त, आपलं घरटं आपण बांधतात. महाराष्ट्रात या कुळातले चौघे घरोघरी माहीत आहेत. कोकीळ, चातक, पावशा आणि भारद्वाज. चौघांची समाजातली पत पाहण्यासारखी आहे. कोकीळ गळ्याचा धनी, पण पोरं परक्याच्या पदरात टाकून मोकळा होणारा. चातक म्हणजे भक्तांचा आदर्श. पावशा हा शेतकऱ्याचा सांगाती, पेरणीची आठवण करून देणारा. आणि सकाळी भारद्वाज दिसला तर दिवस चांगला जाणार, अशी श्रद्धा.

प्रत्यक्षात पहिले तिघेही परक्या घरट्यात अंडी घालतात. चौथा, भारद्वाज, दाट झुडपात स्वतःचं घरटं विणतो आणि आपली पिल्लं आपण वाढवतो. पण इतर पाखरांची अंडी आणि पिल्लं शोधून खाणं हा त्याचा नित्याचा उद्योग आहे. एकच कृत्य करून कोकिळाला बोल लागतो आणि चातकाला संतांच्या पंगतीत पाट मिळतो. घरटी लुटणाऱ्याचं दर्शन शुभ ठरतं. हा न्याय नेमका कोणता? पक्ष्याला पाप लागतं का, आणि लागत नसेल तर त्याच्या करणीनं जे मरतात त्यांच्या दुःखाचं उत्तर कुणी द्यायचं?

पावशापासून सुरुवात करावी, कारण ओळखण्याचा घोळ त्याच्या बाबतीत सर्वांत जास्त होतो. उन्हाळा सरत आला की त्याची ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ जोर धरते. दर वेळी सूर थोडा वर जातो, चढत चढत शिगेला पोहोचतो आणि एकदम तुटतो. थोडी उसंत, की पुन्हा पहिल्यापासून. चांदण्या रात्रीही हे चालतं. याच तीन सुरांत बंगाली माणसाला डोळा गेल्याचा आक्रोश ऐकू येतो, हिंदी मुलखात प्रियकराचा ठावठिकाणा विचारणारी विरहिणी ऐकू येते, आणि उकाड्यानं हैराण झालेल्या इंग्रज साहेबाला मेंदूज्वर आठवत असे. ज्याच्या डोक्यात पेरणीची काळजी, त्याला पेरणीचा सांगावा.

कानाला ओळखू येणारा हा पक्षी डोळ्यांना चकवतो. राखाडी पाठ, तांबूस छाती, पोटावर आणि शेपटीवर आडवे पट्टे: थेट शिक्राच. उडण्याची ढबही तीच, चार-सहा वेळा पंख मारायचे आणि तरंगत जायचं. लहान पाखरं शिक्रा आला म्हणून गलका करतात. सोंग उघडं पडतं ते जवळून. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, पावशाची जवळजवळ सरळ, टोकाशी जराशी झुकलेली. शिक्र्याचे पिवळे पाय लांब, उघडे आणि नख्या पकडीच्या. पावशाचे पाय आखूड, त्यांना दोन बोटं पुढे आणि दोन मागे. शिक्रा ताठ बसतो. पावशा बराचसा आडवा, पंख सैल सोडून, आणि फांदीवर उतरला की शेपटी दोन्ही बाजूंना हलवतो.

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्येही हाच घोळ होता. ससाण्याचंच रूपांतर याच कुळातल्या कुक्कू पक्ष्यात होतं, असं तिथे काही लोक मानत. ॲरिस्टॉटलनं ते खोडून काढलं आणि त्याची कारणं आजच्या पक्षिमित्रालाही पटावीत अशी आहेत: नख्या वाकड्या नाहीत, डोकं ससाण्याचं नाही, साम्य आहे ते रंगात आणि उडण्यात. परक्या घरट्यात अंडी घालण्याचा अर्थही त्यानं लावला. हा पक्षी भित्रा. आपल्याच्यानं पिल्लांचं रक्षण होणार नाही हे ओळखून तो त्यांची सोय दुसरीकडे लावतो. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या लेखी ही हुशारी होती, गुन्हा नव्हे.

या सोंगाचा उपयोग काय, हे निक डेव्हिस आणि जस्टिन वेलबर्गन या संशोधकांनी प्रयोगानं दाखवलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी दाणे ठेवलेल्या जागेजवळ पेंढा भरलेले पक्षी मांडले. टिट जातीची चिमणीएवढी पाखरं कुक्कूला पाहून ससाण्याइतकीच घाबरली. कुक्कूच्या पोटावरचे पट्टे झाकले, तेव्हा भीती कमी झाली. पट्ट्यांच्या धाकानं यजमान पक्षी घरट्याजवळ हल्ला करायला कचरतो आणि तेवढ्यात मादीचं काम उरकतं. पण पोटावरचे हे पट्टे कुठल्याही कुक्कूनं किंवा पावशानं रंगवून घेतलेले नाहीत. फसगत होते, हे निर्विवाद. फसवणारा कोण, हे मात्र बोट दाखवून सांगता येत नाही.

चातकाची गोष्ट याहून पेचाची. वरून काळाशार, खालून पांढरा, डोक्यावर तुरा, उडताना पंखावर चमकणारा पांढरा ठिपका: या कुळातला ओळखायला सर्वांत सोपा पक्षी हाच. महाराष्ट्रात तो मोसमी पावसाच्या आगेमागे दाखल होतो. उत्तर आणि मध्य भारतात येणारे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात, असं मानलं जातं. त्यांची वाट शोधण्यासाठी डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडियानं २०२० साली दोन चातकांना उपग्रहावरून माग काढणारी यंत्रं बसवली. मेघ आणि चातक अशी त्यांची नावं ठेवली होती.

कवींचा चातक मेघातून पडणाऱ्या थेंबाखेरीज दुसरं पाणी पीत नाही. कालिदासाच्या मेघदूतात तो आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात त्याला दर मेघापुढे तोंड वेंगाडू नकोस असं समजावलं आहे. तुलसीदासांनी ‘दोहावली’त चौतीस दोहे एकट्या चातकावर रचले, आणि त्यात एकनिष्ठ भक्तीचं सगळं शास्त्र आलं. खरा चातक पावसाबरोबर येतो तो पोटासाठी. पहिल्या सरींनंतर झाडं पालवतात, पालवीवर सुरवंट येतात, आणि इतर पाखरं ज्यांच्या वाटेला जात नाहीत असे केसाळ सुरवंटही तो आवडीनं खातो. पोटापुरता ओलावा त्याला बहुतेक त्यातूनच मिळतो. त्याच दिवसांत सातभाईंची वीण चालू असते. सातभाईंची अंडी निळी, चातकाचंही अंडं निळं. ते घरट्यात घालून चातकाची मादी निघून जाते. तुलसीदासांच्या चौतीस दोह्यांचा रोख प्रेमाच्या अनन्यतेवर आहे. सातभाईच्या घरट्यात काय घडतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

कोकिळाच्या बाबतीत मात्र कर्तव्य निघालं. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात गरोदर शकुंतला भरसभेत उभी असते आणि दुष्यंताला तिची ओळख पटत नाही. अंगठी हरवलेली. त्या वेळी राजा कोकिळेचा दाखला देतो: न शिकवताही स्त्रीजात चतुर असते, कोकिळाच पाहा, पिल्लांना उडता येईपर्यंत ती त्यांना दुसऱ्या पक्ष्यांकडून पोसून घेते. दुसऱ्याचं मूल माझ्या गळ्यात बांधू नकोस, असा त्याचा रोख.

कालिदासानं हे वाक्य कुणाच्या तोंडी आणि कुणाला उद्देशून घातलं, याची गंमत नीट पाहण्यासारखी आहे. शकुंतलेला मेनकेनं जन्मतःच टाकलं होतं. निर्जन वनात पक्ष्यांनी तिला राखलं, असं महाभारताचं आदिपर्व सांगतं, आणि पुढे कण्वांनी तिला वाढवलं. परक्यांच्या मायेवर जगलेल्या मुलीला राजा परक्यांच्या मायेवर पोसण्याचा टोमणा मारतो आहे, आणि विस्मरण झालेला, म्हणजे खरी ओळख चुकलेला, तो स्वतःच आहे. कोकिळेविषयीची त्याची माहिती बिनचूक आहे. निकाल साफ चुकला.

बौद्धांच्या जातककथांत कोकिळाचं पिल्लू वेगळ्याच कामाला जुंपलं आहे. कोकालिक जातकात कावळी कोकिळाचं पिल्लू आपलं समजून वाढवते. ते पिल्लू पंख फुटण्याआधीच कोकिळाच्या आवाजात ओरडतं आणि कावळी चोचीनं त्याचा जीव घेते. बोध काय, तर अवेळी बोलू नये. त्या काळच्या निरीक्षकांना कावळा-कोकिळाचं नातं पक्कं माहीत होतं. पण त्या नात्यातल्या पापपुण्याची चौकशी कथाकारानं केली नाही. एकच पक्षी, एकीकडे स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडा उडवायला, दुसरीकडे तोंडाळ माणसाला आवरायला.

घरट्यात प्रत्यक्ष काय घडतं, ते जगापुढे नीट मांडलं ते एडवर्ड जेन्नर यांनी. देवीच्या लसीच्या आधीची ही गोष्ट. जून १७८७ मध्ये इंग्लंडमधल्या एका कुंपणात हेज स्पॅरो या छोट्या पाखराच्या घरट्यावर त्यांची नजर होती. कुक्कूचं पिल्लू नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. ते मागे सरकत यजमानाच्या पिल्लाखाली शिरलं. पंखांचे उघडे ठोंब मागे करून त्यानं ते ओझं पाठीवर तोललं, घरट्याच्या भिंतीला पाय देत काठापर्यंत चढलं, दमलं, क्षणभर थांबलं, आणि झटका देऊन पिल्लू बाहेर टाकलं. मग पंखांच्या टोकांनी चाचपून पाहिलं, खरंच गेलं का. जेन्नर यांनी नोंदवलं की या पिल्लांच्या पाठीला खोलगट खाच असते, ती बारा दिवसांच्या सुमारास भरून येते आणि ढकलण्याची ओढही तेव्हाच मावळते. १७८८ साली रॉयल सोसायटीपुढे हा निबंध आला आणि पुढच्या वर्षी जेन्नर सोसायटीचे फेलो झाले. तरी शंभर वर्षांहून अधिक काळ अनेकांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. १९२१ साली एडगर चान्स यांनी कुक्कूच्या करामतींचा चित्रपटच काढला.

विश्वास न बसण्याचं कारण निरीक्षणात नव्हतं, श्रद्धेत होतं. ईश्वरानं प्रत्येक जीव स्वतंत्रपणे आणि प्रेमानं घडवला असं मानलं, तर एका आंधळ्या पिल्लाच्या पाठीवर इतरांना मारण्यासाठी बेतलेली खाच कुणी कोरली? चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात कुक्कू, गुलाम पाळणाऱ्या मुंग्या आणि जिवंत सुरवंट आतून खाणाऱ्या माश्यांच्या अळ्या यांची उदाहरणं एकत्र ठेवली. या प्रवृत्ती कुणी मुद्दाम बहाल केल्या असं मानण्यापेक्षा त्या एका सर्वसाधारण नियमाचे परिणाम आहेत असं समजणं आपल्याला अधिक समाधानाचं वाटतं, अशी त्यांची भूमिका होती. नियम क्रूर वाटेल; निदान कुणी क्रूरपणे वागलं असं म्हणावं लागत नाही.

भारतीय दर्शनांना हा प्रश्न नवा नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ईश्वरावर दोन सरळ आरोप ठेवले आहेत: तो पक्षपाती आहे आणि निर्दय आहे. शंकराचार्यांनी भाष्यात उत्तर दिलं ते पावसाच्या दाखल्यानं. पाऊस सर्वत्र सारखा पडतो. भात उगवेल की जव, ते बियाण्यावर ठरतं. तसा ईश्वर हे साधारण कारण, आणि सुखदुःखातला फरक ज्याच्या त्याच्या कर्मानं. मग पहिलं कर्म कुठून आलं, असं विचाराल तर संसार अनादि आहे.

या उत्तरानं ईश्वर सुटतो. घरट्याखाली पडलेलं पिल्लू मात्र पूर्वकर्माचं देणेकरी ठरतं आणि त्याला ढकलणारं पिल्लू वसुलीचं साधन. दोघांचंही वय एक-दोन दिवसांचं. तर्काला यात खोट काढता येत नाही, पण जेन्नर यांनी पाहिलेलं घरटं डोळ्यांपुढे असेल तर मन सहज मान डोलवत नाही.

ढकलणाऱ्याचं काय, याचंही उत्तर परंपरेकडे आहे. मनुष्यजन्म ही कर्मयोनी, पशुपक्ष्यांची ती भोगयोनी. तिथे जुनं फेडायचं, नवं जमा होत नाही. या हिशेबानं कोकीळ, पावशा, चातक सगळे निर्दोष. बौद्ध विचारात कर्म म्हणजे मुळात चेतना, करण्याचा हेतू. डोळेही न उघडलेल्या पिल्लाच्या ठायी असा हेतू शोधणं कठीण. जैन दर्शन मात्र प्राण्यांना इतकं स्वस्तात सोडत नाही. मन असलेल्या पंचेंद्रिय प्राण्यालाही संयम साधतो, व्रत घेता येतं, असं ते मानतं. महावीरांना डसलेला चंडकौशिक नाग त्यांच्या बोलण्यानं शांत झाला आणि मुंग्या अंगाला लागल्या तरी हलला नाही, ही कथा त्याच विश्वासातून आलेली. ज्याला पुण्य साधतं त्याला पापही लागणार. प्राण्याला आत्मोद्धाराचा अधिकार देणारं दर्शनच त्याच्यावर जबाबदारीही टाकतं, हे या मताचं मोठेपण. आणि कोकिळाच्या पिल्लापाशी आल्यावर त्याची अडचणही.

एवढा खटला चालवताना आपला कोकीळ खरोखर काय करतो, हे पाहायचं राहून जातं. युरोपातल्या कुक्कूचा गुन्हा आपण नकळत त्याच्या माथी मारतो. कोकिळाचं पिल्लू कावळ्याच्या अंड्या-पिल्लांना सहसा बाहेर ढकलत नाही. ते त्यांच्याआधी काही दिवस बाहेर येतं, त्यामुळे घास मिळवण्यात पुढे असतं, आणि कावळ्याच्या पिल्लांची उपासमार होऊ शकते. पण दोन्हींची पिल्लं एकाच घरट्यात वाढल्याच्याही नोंदी आहेत. चातकाचं पिल्लूही ढकलाढकली करणाऱ्यांतलं नव्हे. म्हणजे एका कुळावर एकच आरोपपत्र ठेवता येत नाही. जातीगणिक कृत्य वेगळं, म्हणून आधी जात ओळखावी लागते.

चातकाचा एक जवळचा भाऊबंद स्पेनमध्ये कॅरियन क्रो या कावळ्याच्या घरट्यात अंडी घालतो. ग्रेट स्पॉटेड कुक्कू असं त्याचं नाव. तिथल्या सोळा वर्षांच्या नोंदींवर आधारलेला दानिएला कानेस्त्रारी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ साली ‘सायन्स’मध्ये आला. कुक्कूचं पिल्लू कुणी हातात धरलं की एक घाण वासाचा द्रव सोडतं. मांजरं आणि शिकारी पक्षी त्या वासानं मागे हटतात. परिणामी जिथे शत्रूंचा त्रास जास्त, तिथे कुक्कूचं पिल्लू असलेल्या घरट्यातून कावळ्याचं निदान एक तरी पिल्लू सुखरूप उडण्याची शक्यता वाढली होती. त्रास कमी असलेल्या वर्षी तेच पिल्लू कावळ्याला तोट्याचं. तोच पाहुणा एका वर्षी राखणदार, दुसऱ्या वर्षी भार. पाप-पुण्याची नोंद अशा घरट्यात वर्षावर्षाला खोडून लिहावी लागेल.

मग निसर्गाकडून काही शिकूच नये का? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं आपले चोवीस गुरू सांगितले आहेत आणि एकनाथांनी त्यावर मराठीत विस्तारानं लिहिलं. त्या यादीत कोकीळ नाही. पण साप आहे, आणि तो का आहे? दुसऱ्यानं बांधलेल्या घरात तो सुखानं राहतो म्हणून! संन्याशानं घर बांधण्याच्या खटपटीत पडू नये, हा त्याचा धडा. ज्या वागण्यासाठी कोकीळ बदनाम, त्याच वागण्यासाठी साप गुरू.

यादीतला शेवटचा गुरू म्हणजे कुंभारमाशी. ती अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीनं सतत तिचंच ध्यान करते आणि तद्रूप होऊन माशी बनते, हा दृष्टांत कीर्तनांतून शतकानुशतकं ऐकवला गेला. दाराच्या चौकटीवरचं मातीचं वाळलेलं घर अलगद फोडलं तर आत दिसतात हिरव्या अळ्या, जिवंत पण डंखानं लुळ्या पडलेल्या, आणि छताला बारीक धाग्यानं टांगलेलं माशीचं अंडं. अंड्यातून निघालेली माशीची अळी त्या लुळ्या अळ्या खाऊन वाढते. बाहेर पडते ती तीच. कोंडलेली अळी कशातच बदललेली नसते. डार्विन यांना ज्या माश्यांच्या अळ्यांनी अस्वस्थ केलं, त्याच धर्तीचं हे जगणं आपल्याकडे ध्यानयोगाचा दाखला झालं.

म्हणून काही एकनाथांचा उपदेश पडत नाही. ध्यानानं माणूस ध्येयाशी एकरूप होतो की नाही, हे चौकटीवरच्या घरातली अळी ठरवत नाही. अवधूतानं हे गुरू आपल्या बुद्धीनं निवडले आणि त्यांचा धडा स्वतःला लावला. चातकाचा धडा भक्तही स्वतःलाच लावतो. कोकिळाचा धडा मात्र बहुधा दुसऱ्याला लावला जातो: नोकरीसाठी मूल आजीकडे ठेवणाऱ्या आईला, दत्तक गेलेल्या मुलाला, दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरीला. दुष्यंताची चूक इथेच होती. पक्ष्याबद्दल तो खरं बोलला आणि त्या खऱ्याचा दगड केला.

कायद्यानंही कमी घोळ घातला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कोकिळाचं सबंध कुळ संरक्षित पक्ष्यांच्या चौथ्या अनुसूचीत होतं. त्याची पिल्लं पोसणारा कावळा मात्र पाचव्या अनुसूचीत, उंदीर-घुशींबरोबर, उपद्रवी प्राणी म्हणून. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. तोपर्यंत अर्धं शतक कावळा कागदावर उपद्रवी होता, कोकिळाच्या गोष्टीत मूर्ख होता, आणि दहाव्याला पिंडाशी तोच पितर होऊन यावा म्हणून लोक घाटावर ताटकळत उभे होते.

जॉन स्टुअर्ट मिल यांचा निसर्गावरचा निबंध त्यांच्या पश्चात १८७४ मध्ये छापला गेला, तर थॉमस हक्सली यांनी १८९३ च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात तोच धागा पुढे नेला. दोघांचं म्हणणं एकच: सृष्टी कशी वागते यावरून माणसानं कसं वागावं हे ठरत नाही. ते मान्य केलं की कर्मयोनीचा प्रश्न वळून दुर्बीण धरलेल्या माणसावर येतो. फांदीवरच्या पक्ष्याला पर्याय नाही, पण दुर्बिणीमागच्याला आहे. आणि पावशाचा फोटो हवा म्हणून तो मोबाइलवर ‘पेरते व्हा’ लावतो. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून पावशा धावत येतो, ओरडतो, घिरट्या घालतो, नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. फोटो मिळतो. खाली ओळ लिहिली जाते: ‘फसवा पक्षी’. इथे हेतू होता, चेतना होती, आणि कुठल्याही दर्शनानुसार हे कर्म जमा होणारं होतं. जाणते पक्षिमित्र विणीच्या काळात असा आवाज लावत नाहीत. ते फळांनी लगडलेल्या उंबराखाली किंवा वडाखाली स्वस्थ बसतात. कोकीळ फळांसाठी तिथे आपणहून येतो आणि न गाणारी मादीही तिथेच नीट पाहायला मिळते.

उन्हाळ्यात कुणाच्या तरी गॅलरीसमोरच्या झाडावर कावळ्याचं घरटं असतंच. वरून पाहिलं तर अंड्यांत एखादं जरा लहान, थोडं वेगळं दिसतं. बिचाऱ्या कावळ्याच्या पिल्लांसाठी ते काढून टाकावं का, असं घरातली मुलं विचारतात, आणि कधी कधी मोठेही शिडी शोधू लागतात. कायद्यानं ते चालत नाही, हा एक भाग झाला. दुसरा असा की शिडी लावणारा माणूस हा त्या झाडावरचा एकटाच असा जीव आहे, ज्याला काय करायचं ते निवडता येतं, आणि म्हणून त्याच्या हातून पडलेलं अंडं आणि पिल्लाच्या पाठीवरून पडलेलं अंडं एका मापानं मोजता येत नाही. शिडी बाजूला ठेवली तर पुढच्या काही आठवड्यांत गॅलरीतून सगळं दिसतं. तीन-चार आठवड्यांत कोकिळाचं पिल्लू घरट्याबाहेर पडतं, लाल तोंड वासून फांदीवर थरथरत बसतं, कावळे त्याला भरवत राहतात. ते सुरुवातीला बरंचसं कावळ्यासारखंच ओरडतं. तेव्हा खालून नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखू पाहणाऱ्याची पंचाईत होते, आणि फसवणारा व फसलेला वेगळे काढायला बसलेल्याचीही.